सहावा कप

धाकटीने सिंकमधला सहावा कप उचलला, खिडकीच्या उजेडात धरून आत पाहिलं आणि बाकीच्या पाचांपासून वेगळा, ओट्याच्या कडेला ठेवला. तळाशी न विरघळलेल्या साखरेचा थर होता. इतर कपांत साखरेचा मागमूस नव्हता. आल्या दिवशीच पाहुण्यांतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हसत सांगितलं होतं, "आमच्याकडे साखर कोणी घेत नाही हं, तुमची बरणी भरलेलीच परत मिळेल." ती बरणी आता अर्ध्यावर आली होती.

वरचा मजला सुट्टीपुरता भाड्याने देण्याचं काम ही घरची धाकटी सून एकटी बघायची. पाहुणे सकाळी समुद्रावर गेले की ती वर यायची, केर काढायची, टॉवेल बदलायची. कप घासणं खरं तर तिच्याकडे नव्हतं. तरी ती घासायची, कारण कपांवरून माणसं मोजता येतात. नोंदणी पाच जणांची होती. कप सलग तिसऱ्या दिवशी सहा निघाले होते.

ती गॅलरीत गेली. गोल टेबलाभोवती वेताच्या पाच खुर्च्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये, ही आपलीच जागा असल्यासारखं, अडगळीतलं लाकडी स्टूल ऐसपैस बसलं होतं. ते अडगळीतून इथवर स्वतःच्या तीन पायांनी चालत आलं नव्हतं.

खाली ओटीवर, फाटकासमोरच्या खाटेवर सासरे पेपर वाचत होते. सगळी गल्ली त्यांना कंडक्टर म्हणायची. आयुष्यभर बसमध्ये तिकिटं फाडून ते निवृत्त झाले होते, पण तिकिटांना भोक पाडायचा जुना पंच अजून खिशात असायचा. फाटकातून कुणी आलं-गेलं की तो टिकटिक वाजे.

"बाबा, वरचे किती गेले आज?"

"पाच." त्यांनी पेपरातून मान वर केली नाही.

"आणि पहिल्या दिवशी आले किती होते?"

"पाच. एक आत्याबाई, एक डॉक्टरीणबाई, एक तिचा लांबट नवरा, दोन मुली. का गं?"

"मध्ये कुणी भेटायला आलं होतं?"

"माझ्या समोरून गेल्याशिवाय येणार कुठून?"

"वर सहा कप निघतात."

पेपर किंचित हलला. "चहा चांगला असला की माणूस दोनदा घेतो."

"वेगळ्या कपात?"

"सुट्टीवर आलेत बिचारे. घरी स्वतः घासावे लागतात म्हणून एकाच कपात घेत असतील." त्यांनी पेपरची घडी घातली आणि चष्मा काढला. चष्मा काढला की गोष्ट येणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. "तुला तो नवा तपासनीस सांगितला होता का?"

सांगितला होता. पुष्कळदा. घाटात गाडी थांबवून एक नवा कोरा तपासनीस चढला होता. त्याने डोकी मोजली, तिकिटं मोजली, आणि एक डोकं जास्त भरलं. पुन्हा मोजलं, पुन्हा जास्त. विनातिकीट प्रवासी सापडल्याच्या आनंदात त्याने पेन काढलं, तेव्हा कंडक्टर शांतपणे म्हणाले, "साहेब, लिहा खुशाल. पण ज्याच्याशी बोलताय त्याला पण मोजलंत काय?"

"लाल झाला होता," बाबा आत्ताही तितक्याच समाधानाने म्हणाले. "अरे, गाडीत कंडक्टरला कुणी मोजतं का? माझा आकडा कधी चुकला नाही. लेखी आहे."

धाकटी हसली आणि आत गेली. हसण्यासारखं मात्र काही नव्हतं.

मागच्या खेपेला पाच जण म्हणून नोंदणी केलेल्यांनी गुपचूप अकरा माणसं आणली होती. बाबा त्या दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात होते, फाटकावर कोणी नव्हतं. अकरा जणांच्या आंघोळींनी मोरी तुंबली आणि पाणी उतरलं ते थेट घराच्या मागच्या भागात, थोरल्या जावेच्या स्वयंपाकघरात. थोरली शाळेत गणित शिकवायची. ती आरडाओरडा करणाऱ्यांतली नव्हती. तिने पायजमे वर खोचून पाणी उपसणाऱ्या दोघा भावांसमोर, वर्गात नियम सांगावा तशा आवाजात सांगितलं होतं, "यापुढे एक डोकं जरी जास्त निघालं, तरी वरचा मजला बंद. मी भांडत नाहीये. आधी सांगून ठेवतेय." घर दोघा भावांचं, सामायिक. दोघांनीही माना डोलावल्या, कारण हातात बादल्या होत्या.

धाकटीला वरचा मजला बंद होऊन चालणार नव्हतं. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची. दोन वर्षांपूर्वी छापखाना बंद पडला, तेव्हा तिने घरातल्या डब्यांवरच्या चिठ्ठ्यांतल्या चुका दुरुस्त करायला घेतल्या. नवरा काळजीत पडला. त्याच सुमारास एके दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "माझे गुडघे गेले. जिना आता माझ्याच्याने होत नाही. खाट खाली ओटीवर टाका. वरचं रिकामं पडेल, त्याचं काय करायचं ते धाकटीला ठरवू दे." दुसऱ्या दिवशी दोन मुलांच्या खांद्यांवर हात टाकून ते वरून उतरले. प्रत्येक पायरीला असे कण्हले की शेजारीण दारात आली. डॉक्टरांना मात्र त्यांनी दाखवू दिलं नाही. वयाला औषध नसतं म्हणाले.

तेव्हापासून रोज संध्याकाळी धाकटी त्यांच्या गुडघ्यांना औषधी तेल चोळायची. त्या तेलाचा वास त्यांना सहन व्हायचा नाही. ते नाक पलीकडे करून बसायचे. तिच्या मनात एक बोच होती. त्यांचं दुखणं आलं आणि आपल्याला काम मिळालं. म्हणून ती जरा जास्तच चोळायची.

त्या दुपारी ती चादरींना इस्त्री करत होती. वरून हसण्याचा गडगडाट झाला. डॉक्टरीणबाईंचा नवरा इतका हळू बोलायचा की ऐकायला वाकावं लागे. हे हसणं त्याचं नव्हतं. जाड, पोटातून आलेलं, कशाचीही पर्वा नसलेलं पुरुषी हसणं. आपण हे कधीतरी ऐकलंय असं तिला वाटून गेलं, पण कुठे ते आठवेना. घरात तर असं कोणी हसत नव्हतं.

तिने इस्त्री बंद केली, कपाटातून टॉवेल काढले आणि पुढच्या जिन्याने वर जाऊन घंटी वाजवली.

आत एकदम शांतता झाली. मग खुर्ची सरकली, कुणीतरी कुजबुजलं, स्वयंपाकघराच्या बाजूला काहीतरी लोखंडी खणखणलं. दार वीतभर उघडलं आणि त्या वितीत आत्याबाई मावतील तेवढ्या मावल्या.

"अगंबाई, तुम्ही होय! या ना. म्हणजे नका येऊ. या, पण पसारा आहे."

"टॉवेल आणलेत."

"किती?"

"पाच."

"बरोब्बर. आम्ही पाचच आहोत," आत्याबाई म्हणाल्या, आणि कुणी विचारलं नसताना पुन्हा म्हणाल्या, "मोजून पाच."

आतून एका मुलीचा आवाज आला, "गेले का?"

"कोण गेले का?" धाकटीने विचारलं.

"डास," आत्याबाई म्हणाल्या. "फार डास आहेत बाई तुमच्याकडे. चांगले दांडगे."

त्यांच्या खांद्यावरून डॉक्टरीणबाईंचा चेहरा दिसला. रोज दुसऱ्यांना तोंड उघडायला लावणाऱ्या त्या बाईला स्वतःचं तोंड कसं उघडावं ते कळत नव्हतं. "ताई, एक विचारू? समजा हं. समजा एखादं माणूस दिवसा थोडा वेळ येऊन बसलं, राहायला नाही, नुसतं बसायला, तर त्याचे वेगळे पैसे पडतात का? आम्ही द्यायला तयार आहोत."

"पैशांचा प्रश्न नाही. कोण माणूस?"

"समजा म्हणाली ती," असं म्हणत आत्याबाईंनी टॉवेल छातीशी धरले आणि दार लावून घेतलं.

धाकटी जिन्यात उभी राहिली. म्हणजे आहे. कोणीतरी आहे, दुपारी येतं, आणि फाटकातून बाबांना चुकवून येतं. तिला दार पुन्हा वाजवता आलं असतं. आत शिरून मोजता आलं असतं. पण सहावा माणूस सापडला तर त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट सापडणार होती, ती म्हणजे बाबांचा चुकलेला आकडा. लेखी असलेला, कधी न चुकलेला आकडा. मोतीबिंदू काढल्यावर डोळा स्वच्छ झाला होता. पण डोळ्याच्या मागे काय चाललंय ते ऑपरेशन करणाऱ्याला थोडंच दिसतं?

संध्याकाळी तेल चोळताना तिने सहज विचारलं, "बाबा, मागे दोरीवर किती चादरी होत्या हो? मी मोजायची विसरले."

नाक पलीकडे केलेले बाबा तसेच म्हणाले, "सात. दोन उशांचे अभ्रे. आणि थोरलीची निळी साडी, जी तू आपल्या चिमट्यांनी लावलीस म्हणून ती उद्या बोलणार आहे."

चादरी सात होत्या. साडी निळी होती. दुसऱ्या दिवशी थोरली चिमट्यांवरून बोललीही.

आकडा शाबूत होता. मग चुकत होतं ते काय, हे धाकटीला कळेना. कुठल्याशा मजकुरात चूक आहे हे दिसावं आणि ती कुठल्या ओळीत आहे ते सापडू नये, तसं तिला दिवसभर होत राहिलं.

पाहुणे जायच्या आदल्या दिवशी थोरली शाळेतून आली ती सरळ धाकटीच्या दारात येऊन उभी राहिली. पर्स खांद्यावरच होती.

"तुझ्या वरच्या पाहुण्यांत पुरुष किती?"

"एकच. डॉक्टरीणबाईंचे मिस्टर."

"लांबट? गबाळी टोपी घालणारा?"

"हो."

"तो आत्ता मला नाक्यावर दिसला. भिंतीकडे तोंड करून आइस्क्रीम खात होता." थोरलीने छताकडे बोट केलं. "मग हा कोण?"

वर कुणीतरी जाड आवाजात "हुकूम!" म्हणून ओरडलं आणि टेबलावर हात आपटला. मागोमाग ते हसणं आलं.

धाकटीनेही छताकडे पाहिलं.

"चल," थोरली म्हणाली. "भांडायला नाही. नुसतं मोजायला."

"ताई, दोन मिनिटं. टॉवेल घेते. रिकाम्या हाताने कसं जायचं?"

"घे. मी पुढच्या जिन्याने होते पुढे." आणि थोरलीने जिन्याखालून, मधल्या सुट्टीनंतर वर्ग शांत करायच्या आवाजात हाक दिली, "वर कोण आहे? आम्ही येतोय!"

धाकटी मागच्या अंगणात धावली. दोरीवरचे टॉवेल ओढता ओढता तिच्या कानावर लोखंड वाजलं. वरच्या स्वयंपाकघरातून अंगणात एक अरुंद लोखंडी जिना उतरायचा. पाण्याची टाकी धुवायची असली तरच तो वापरात यायचा. ती वाळत घातलेल्या चादरीमागे थांबली.

आधी दोन अनवाणी पाय दिसले. मग पायजमा, गुडघ्यांपर्यंत खोचलेला. मग एका हातात धरलेल्या चपला. बाबा कठड्याला हातही न लावता, दोन-दोन पायऱ्या सोडत खाली आले. धावत्या गाडीच्या दारात पायरीवर उभं राहून आयुष्य काढलेल्या माणसाने उतरावं तसे, तोल अंगात मुरलेला. खालून तिसऱ्या पायरीने जरा कुरकुर केली, तिला ओलांडून शेवटच्या दोन पायऱ्या त्यांनी उडी मारून घेतल्या. चपला पायांत सरकवल्या. सदऱ्याच्या खिशात काहीतरी कोंबलं. अडगळीच्या खोलीचं दार ढकलून ते आत शिरले. तिथे गारवा असतो म्हणून दुपारी ते तिथेच झोपत, आणि फाटक वाजलं की झोपेतही कळतं म्हणत, असं घरात सगळ्यांना माहीत होतं. क्षणभरात आतून कण्हल्याचा आवाज आला. छान, सरावाचा.

धाकटीच्या हातातले टॉवेल खाली पडले. ते तिने गोळा केले, पुन्हा पाडले, पुन्हा गोळा केले.

दोन वर्षं. रोज संध्याकाळी. ते तेल.

तिला हसू आलं आणि त्याच्याबरोबर आणखी काहीतरी. तिने टॉवेलात तोंड खुपसलं. आत्ता वर जाऊन खरं सांगितलं की पेच सुटत होता. जास्तीचं डोकं पाहुण्यांचं नाही, घरचंच आहे. थोरलीचा नियम मोडलेला नाही. पण मग थोरली विचारणार, गुडघ्यांचं काय? गुडघे धड असतील तर बाबा खाली ओटीवर का? त्यांची खोली, त्यांची गॅलरी, जिच्यातून वळणावर चढणाऱ्या बसगाड्या दिसायच्या, ती त्यांना परत का नको? प्रश्न सरळ होता आणि उत्तर एकच निघत होतं. ते उत्तर बाबांनी दोन वर्षं नाक पलीकडे करून लपवलं होतं.

ती पुढच्या जिन्याने वर गेली.

गॅलरीत शाळेची तपासणी यावी तशी मंडळी बसली होती. आत्याबाई, डॉक्टरीणबाई आणि दोन मुली. टेबलावर पत्त्यांचे पालथे गठ्ठे होते आणि चहा. थोरली उभी राहून मोजत होती. तिचे ओठ हलत नव्हते, नुसती हनुवटी हलत होती.

"माणसं चार, एक बाहेर. पाच," थोरली म्हणाली. "कप सहा."

"एक आमच्या ह्यांचा," डॉक्टरीणबाई घाईने म्हणाल्या. "झाकून ठेवलाय बघा. पेपर आणायला गेलेत."

"पेपर," थोरली म्हणाली. आइस्क्रीमबद्दल ती काही बोलली नाही. "तरी एक उरतो. हा."

स्टुलासमोर सहावा कप होता, अर्धा रिकामा. शेजारी बशी, काठोकाठ चहाने भरलेली, अजून वाफाळणारी.

"तो ना," आत्याबाई म्हणाल्या, "तो माझाच. मी दोन-दोन—"

"माझा आहे," धाकटी म्हणाली.

तिने टॉवेल मोठ्या मुलीच्या मांडीवर ठेवले, स्टुलावर बसली, बशी दोन्ही हातांनी उचलली आणि फुर्र करून चहा प्यायली. चहा कसला, पाक होता. डोळ्यांत पाणी आलं. तिने बशी खाली ठेवली, कपातला उरलेला चहा तिच्यात ओतला आणि तोही प्यायली.

लहान मुलीने पत्ते तोंडापुढे धरले होते आणि पत्ते थरथरत होते.

"तू वर येऊन चहा घेतेस?" थोरलीने विचारलं.

"कधीकधी. बोलावतात."

"मी खाली तुझी इस्त्री बघितली आत्ता."

"म्हणून गार व्हायला बशीत ओतून ठेवला होता."

"आणि साखर? माझ्याकडे घेतेस तेव्हा नको म्हणतेस."

"इथे चालते."

थोरली तिच्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "आणि तो आवाज? पुरुषाचा?"

आत्याबाईंनी छातीवर हात ठेवला. एक दीर्घ श्वास घेतला आणि असं गडगडाटी हसू सोडलं की कठड्यावरचा कावळा उडाला. "माझाच हो! लहानपणापासून असाच. लग्नात तर मंडळी नवरदेवाला शोधत होती, कोण हसलं म्हणून."

ते हसणं खाली ऐकू आलेल्या हसण्यासारखं अजिबात नव्हतं. पण इतकं मन लावून हसलेल्या बाईला खोटं कसं म्हणावं? थोरलीच्या ओठांचा एक कोपरा हलला, तिने तो जागेवर आणला. तिची नजर बशीवर गेली. लग्न होऊन या घरात ती धाकटीच्या कितीतरी आधी आली होती, आणि शाळा लागेपर्यंत बाबांचा सकाळचा पहिला चहा तीच करायची. बशीवरून तिची नजर स्वयंपाकघरात गेली. मागच्या जिन्याचं दार सताड उघडं होतं आणि अजून बिजागरीवर थोडं थोडं झुलत होतं.

त्या दाराचं झुलणं थांबेपर्यंत ती बघत राहिली.

"पाच आहेत," ती शेवटी म्हणाली. "मोजले मी." तिने पर्स खांद्यावरून काढून कठड्याला अडकवली आणि डॉक्टरीणबाईंच्या नवऱ्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली. "हुकूम काय आहे?"

"इस्पिक," लहान मुलगी पत्त्यांमागून म्हणाली. "पण डाव मोडला. आमच्या बाजूचा गडी गेला. म्हणजे... आमचे बाबा गेलेत आइस्क्रीम... पेपर आणायला."

"मग वाट पाहू," थोरली म्हणाली. "मला पण अर्धा कप करा. बिनसाखरेचा. धाकटीला नको, तिचा झालाय."

दोघी खाली आल्या तेव्हा बाबा अडगळीच्या खोलीतून ओटीवर येऊन खाटेवर आडवे झाले होते. चेहऱ्यावर नुकत्याच झोपेतून उठल्याचा भाव इतका पुरेपूर होता की खरं झोपलेल्या माणसाला तो जमला नसता. सदऱ्याच्या खिशातून इस्पिकच्या राणीचा कोपरा डोकावत होता.

"कसला गोंधळ गं?" त्यांनी जांभई दिली. "झाली मोजणी?"

"झाली," थोरली म्हणाली. "पाच."

"मी सांगतच होतो."

थोरली त्यांच्याजवळ गेली, खाटेवरची चादर नीट करावी म्हणून वाकली, आणि ती सरळ झाली तेव्हा राणी खिशात पूर्ण आत गेलेली होती. मग ती धाकटीकडे वळली.

"अगं, मागच्या लोखंडी जिन्याची खालून तिसरी पायरी हलतेय. रविवारी वेल्डर बोलावून घे. कठडाही बघायला सांग."

"तिथून कोण जातंय, ताई?"

"कोणी नाही," थोरली म्हणाली. "तरी."

बाबांनी पेपर उघडून तोंडापुढे धरला. पेपर उलटा होता. दोघींनीही तो सुलटा केला नाही.

संध्याकाळी धाकटी तेलाची बाटली घेऊन खाटेशी बसली. बाबांनी सवयीने नाक पलीकडे केलं. तिने झाकण उघडलं, वास घेतला, झाकण लावलं.

"बाबा, मी विचार करतेय. इतके दिवस लावतोय, पण फरक दिसत नाही. बंद करून बघूया का हे तेल?"

बाबांनी मान अलीकडे आणली. तिच्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिलं. ती बाटलीवरची चिठ्ठी वाचत होती, एक अक्षर चुकीचं छापलेलं होतं, त्यावरून नख फिरवत होती.

"बघ बाई," ते सावधपणे म्हणाले. "पण दुखणं आहे हं. जिन्याकडे तर बघवत नाही मला."

"ते आहेच. जिन्याचं नावच काढायचं नाही आपण."

दुसऱ्या दिवशी पाहुणे निघाले. फाटकाशी रिक्षा उभी राहिली. बाबा खाटेवर बसून पंच वाजवत होते, एकेका डोक्याला एक टिक. लांबट नवरा, डॉक्टरीणबाई, दोन मुली. मुलींनी जाताना त्यांना हात केला आणि आईने डोळे वटारल्यावर तो केसांवरून फिरवला. शेवटी आत्याबाई आल्या. त्यांनी धाकटीच्या हातात पत्त्यांचा जोड ठेवला.

"असू दे इथेच. एक राणी कमी आहे. कुठे गेली कोण जाणे."

"सापडेल," धाकटी म्हणाली.

आत्याबाई रिक्षात बसता बसता खाटेकडे वळून म्हणाल्या, "येते हो, काका. पहिल्यांदाच ओळख होतेय आपली."

"हो ना," बाबा म्हणाले. "राहूनच गेलं बघा."

रिक्षा वळणावरून दिसेनाशी झाली. बाबांनी पंच खिशात टाकला. "पाच आले, पाच गेले. आकडा चुकत नाही माझा."

"नाहीच चुकला," धाकटी म्हणाली. आता तिला चूक असलेली ती ओळ सापडली होती.

ती वर गेली. केर काढला, चादरी उतरवल्या, साखरेची बरणी धुऊन काठोकाठ भरली. कपाटात कप लावताना पाच मांडले, मग सहावा त्यांच्या रांगेत सरकवला. गॅलरीत स्टूल उचलायला वाकली आणि तसंच ठेवलं. फक्त जरा फिरवलं, बसणाऱ्याला रस्त्याचं वळण समोर दिसेल असं.

खाली फोन वाजत होता. ती उतरून आली आणि दारातच उभी राहून बोलू लागली. पुढच्या आठवड्यासाठी कोणी विचारत होतं. किती जणांची सोय आहे, समुद्र किती लांब आहे, गरम पाणी आहे का.

"पाच जणांची," धाकटी म्हणाली. "त्याच्यावर एकही नाही, आमचा नियम कडक आहे. हो, गॅलरी आहे. हो, पाणी गरम." ती थांबली. ओटीवरच्या खाटेकडे तिची पाठ होती. "बाकी ठीक, एकच विचारायचं होतं. तुमच्याकडे पत्ते कोणी खेळतं का?"

मागे खाट करकरली, आणि मग एकदम आवाज थांबला.